गोटमारीच्या गावातून रॉकच्या मैदानात

परवा कॉलेजात एका विद्यार्थ्याची आई भेटायला आली. मुलगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. बंगळूरला रॉकचा कार्यक्रम आहे, मित्रांबरोबर रात्रीच्या गाडीनं जातो म्हणतोय, वडील नाही म्हणतात आणि दोन दिवस घरात अबोला चालू आहे, अशी सगळी हकीकत. बाई अर्धं कानडीत, अर्धं मराठीत बोलत होत्या, आपल्याकडं सगळेच बोलतात तसं. "सर, त्या गाण्याला आमची ना नाही हो. पण ती गर्दी..." एवढं म्हणून त्या थांबल्या.

त्यांची भीती खोटी नव्हती. ४ जून २०२५ ला बंगळूरच्या चिन्नस्वामी मैदानाबाहेर क्रिकेटच्या विजयोत्सवात चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा जीव गेला. आपल्या भागातली शेकडो मुलं शिक्षणासाठी, नोकरीसाठी बंगळूरला आहेत. त्या संध्याकाळी कितीतरी घरांतून फोन लागत नव्हते. तेव्हा "काळजी करू नका, पाठवा" असं मी त्यांना म्हणू शकलो नाही. "पाठवू नका" असंही तोंडातून निघेना, कारण एके काळी मीही असाच गेलो होतो, आणि फार मोठं खोटं बोलून गेलो होतो. मी त्यांना १७ मार्च २००७ ची गोष्ट सांगितली. घरी आल्यावर वाटलं, ती आपल्या वाचकांनाही सांगावी.

दगडांचं गाव

माझं मूळ गाव पांढुर्णा. नागपूरहून इटारसीकडे निघालं की शंभरेक किलोमीटरवर, मध्य प्रदेशात. एकेकाळी आमची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौंसर हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळं काढून हे दोन्ही तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. दुकानाच्या पाट्या हिंदी, शाळेत हिंदी, घरात आणि भांडणात मराठी. सीमाभाग म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आमचं गाव दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं. एक संत्री आणि दुसरी गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड उभं करतात, त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. झेंडा कोणी तोडायचा यावरून दोन्ही काठांवरून दिवसभर दगडफेक चालते. झेंडा निघाला की मारामारी थांबते आणि तो चंडीमातेच्या देवळात नेतात. एका गावचा मुलगा आणि दुसऱ्या गावची मुलगी पळून जाताना नदीच्या मधोमध सापडले आणि दोन्हीकडून दगड आले, अशी यामागची दंतकथा. दोन्ही गावांत सोयरिकी आहेत. काल ज्याच्याकडं जेवलो त्याच्यावर आज दगड, असा हा प्रकार. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. आजवर काही जणांचे जीवही गेले आहेत. प्रशासनानं दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, पण लोकांनी ते मानलं नाही.

माझा जिवलग मित्र आणि मी १९९६ ची गोटमार बघायला गेलो होतो. आम्ही सोळा-सतरा वर्षांचे. तो दगड मारत नव्हता. काठावर, माणसांच्या मागं उभा राहून नुसता बघत होता. कुठून तरी एक गोटा आला आणि त्याचा डावा डोळा गेला.

त्या दिवसापासून त्याच्या आईनं त्याला शपथ घातली, जिथं माणसं जमतात तिथं जायचं नाही. त्यानं ती पाळलीही. लग्नाच्या मांडवात तो कडेला उभा राहायचा. पोळ्याला, झडत्या ऐकू येतील इतक्या अंतरावर घराच्या गच्चीवर बसायचा. रात्रीसुद्धा काळा चष्मा घालायचा. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही. कपात चहा ओतताना तो किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवायचा. रस्त्यानं जाताना मी नेहमी त्याच्या डाव्या बाजूनं चालायचो. ते कधी ठरवून झालं नव्हतं, सवयच पडली होती.

मोटार वाइंडिंगच्या दुकानातली कॅसेट

त्याच्या वडिलांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की तिथं यायच्या. कॉलेज सोडून तो दुकानात बसू लागला. तांब्याची तार गुंडाळायची, वार्निश मारायचं, मोटार सुरू करून कान लावायचा. आवाजावरून बेअरिंग गेलं की नाही हे तो सांगत असे. भंगारातून उभ्या केलेल्या एका टेपरेकॉर्डरवर दिवसभर गाणी चालू असायची.

नागपूरच्या सीताबर्डीवरून मी एकदा 'आयर्न मेडन'ची कॅसेट आणली. लंडनच्या पूर्व भागातला हा बँड. स्टीव्ह हॅरिस नावाच्या बेस गिटार वाजवणाऱ्या तरुणानं १९७५ मध्ये सुरू केलेला. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मित्राचे वडील म्हणाले, "मोटर जळाली काय बे?" मित्र मात्र कान लावून बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं मला दाखवून दिलं की यात दोन गिटारी आहेत, एक डावीकडच्या स्पीकरमधून येते, एक उजवीकडच्या. दोघी कधी बरोबर चालतात, कधी एक खाली राहते आणि दुसरी वर जाते. आणि खाली बेस घोड्यासारखा दौडतो. बेसवाला बहुधा बोटांनीच तारा छेडत असणार, हेही त्यानं नुसतं ऐकून सांगितलं. पुढं १९९९ मध्ये बँड सोडून गेलेला गिटारिस्ट एड्रियन स्मिथ परत आला आणि गिटारी तीन झाल्या. नवी कॅसेट लावताच तो म्हणाला, "तिसरा गडी आला बे."

शब्दांचं काम माझं. त्यांच्या १९८४ च्या अल्बममध्ये कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाच्या कवितेवर तेरा मिनिटांहून मोठं गाणं आहे. ती कविता मी एम.ए.ला शिकलो ती नंतर, आधी दुकानात ऐकली होती. 'द ट्रूपर' हे गाणं १८५४ च्या बालाक्लाव्हाच्या लढाईतल्या घोडदळाच्या चढाईवर आहे, हेही मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणूनच तो घोडा."

अशी दहा वर्षं गेली. मी गावाकडेच एका कॉलेजात तासिकेवर शिकवू लागलो. आमच्याकडं त्याला 'अतिथी विद्वान' म्हणतात. नाव मोठं, पगार छोटा. २००७ च्या सुरुवातीला नागपूरच्या वाचनालयात पेपर चाळताना बातमी दिसली. १७ मार्चला, शनिवारी, बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन. हेवी मेटलचा इतका मोठा बँड भारतात पहिल्यांदाच येत होता.

"जाऊ," मी म्हणालो. तो काही बोलला नाही. आर्मेचरवर तार गुंडाळत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "आईले काय सांगू?"

ते खोटं मी शोधून काढलं. बंगळूरला डोळ्यांचे चांगले डॉक्टर आहेत, कृत्रिम डोळा बसवून देतात, मी चौकशी केली आहे, असं मी स्वतः त्याच्या आईला सांगितलं. मी शिकवणारा माणूस, तिचा माझ्यावर विश्वास. तिनं चंडीमातेला नारळ फोडलं. संत्र्याच्या पैशांतले काही पैसे पदराच्या गाठीतून काढून दिले. बागेत मृग बहाराची संत्री तयार होती, तिची एक मोठी पिशवी भरली. "डॉक्टरले दोन-चार देजो. डोया बसवूनच येजो बापा," म्हणाली. स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत ती उभी होती. गाडी हलल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडं बघायचं टाळत होतो.

संत्री आत नेता येणार नाहीत

नागपूरला गाडी बदलून हजार किलोमीटरहून लांबचा प्रवास. बंगळूरला मॅजेस्टिकजवळ एका स्वस्त लॉजमध्ये उतरलो. पाडवा, म्हणजे तुमची युगादी, तोंडावर आली होती. बाजारात आंब्याच्या डहाळ्या आणि कडुनिंबाचा मोहोर विकायला होता. आम्ही दोघांनी काळे शर्ट घातले आणि निघालो. मित्रानं संत्र्यांची पिशवी सोडली नाही. "आईनं देल्ली, लॉजवर कशी ठेवू?"

पॅलेस ग्राउंड्स म्हणजे म्हैसूरच्या वाडियार घराण्याच्या बंगळूरच्या राजवाड्यालगतचं मोठं मोकळं मैदान. २००१ मध्ये डीप पर्पल, २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स इथंच वाजवून गेले होते. दुपारपासूनच रांग लागली होती. सगळे काळे टी-शर्ट, त्यावर मेडनचा तो सांगाड्यासारखा 'एडी'. एवढ्या उन्हात काळ्या कपड्यांची ती रांग बघून मित्र म्हणाला, "मयतीले आल्यावानी दिसते."

दारावर तपासणी कडक. पाण्याच्या बाटल्या, पट्टे, कॅमेरे सगळं काढून घेत होते. आमची पिशवी उघडली आणि रखवालदार चक्रावलाच. संत्री आत नेता येणार नाहीत. का? तर कोणी स्टेजवर फेकून मारतील. मित्र माझ्याकडं बघून हसायला लागला. अकरा वर्षांत गोटमारीच्या संदर्भात तो हसलेला मी पहिल्यांदा बघितला. "त्याले कसं समजलं बे, आपण पांढुर्ण्याचे?"

मग काय करणार, रांगेतच संत्री वाटली. पुढं-मागं सगळ्यांना. कोणी हुबळीहून आलेली पाच-सहा कॉलेजची मुलं होती, त्यांनी आठ-दहा संपवली. त्यातल्या एकाचं आजोळ खानापूरचं. आमचं बोलणं ऐकून तो मराठीत म्हणाला, "तुमची मराठी वेगळीच आहे हो. पण संत्री भारी!" गावाहून एवढ्या लांब, हजारो अनोळखी माणसांत आपली भाषा कानावर पडली की काय वाटतं, ते सीमाभागातल्या माणसालाच कळेल. त्यानं आम्हाला पहिला कानडी धडा दिला. कोणी धक्का दिला तर रागवायचं नाही, 'स्वल्प अड्जस्ट माडि' म्हणायचं. बंगळूरमध्ये या तीन शब्दांवर सगळं निभतं, असं त्याचं म्हणणं.

घोडदळ

आत गेल्यावर मित्राचा हात माझ्या मनगटावर घट्ट बसला. तीस-चाळीस हजारांचा जमाव. १९९६ नंतर तो पहिल्यांदाच माणसांच्या मधोमध उभा होता. मी डावीकडं, तो उजवीकडं. आधी दिल्लीचा 'परिक्रमा' वाजवून गेला. १९९१ पासूनचा आपला बँड, रॉकमध्ये व्हायोलिन घेऊन वाजवणारा. त्याच वर्षी जूनमध्ये हा बँड इंग्लंडच्या डाउनलोड महोत्सवातही वाजवून आला. स्टीव्ह हॅरिसची मुलगी लॉरेनही आपला बँड घेऊन गाऊन गेली. मग अंधार पडला, दिवे गेले आणि आरडाओरडा सुरू झाला.

तो आवाज कसा होता हे कॅसेटवरून कळत नाही. दुकानात आम्ही कानांनी ऐकायचो. इथं पहिल्या ठोक्याला शर्ट अंगाला चिकटल्यासारखा झाला. ड्रमचा पायाचा ठोका छातीच्या पिंजऱ्यात, बेस पोटात, गिटारी डोक्याच्या वर. ब्रूस डिकिन्सन स्टेजच्या या टोकापासून त्या टोकाला धावत गात होता आणि त्याचा श्वास कुठंच कमी पडत नव्हता. मित्र तोंड उघडं ठेवून बघत होता. मधेच त्यानं माझ्या कानात ओरडून सांगितलं, "बोटांनंच वाजवते बे! बोटांनं!" बेसवाल्याबद्दल दहा वर्षांपूर्वी काढलेलं अनुमान खरं निघालं होतं.

आजूबाजूला सगळी मुलं शब्द न् शब्द म्हणत होती. कोणी तमिळ, कोणी मल्याळी, कोणी मणिपुरी, बरीचशी कानडी. इंग्रजी साहित्यात एम.ए. केलेल्या मला जे शब्द ऐकून ऐकून लावावे लागले, ते या पोरांना मुखोद्गत. आमच्याकडं पोळ्याला एकजण झडती म्हणतो आणि सगळा गाव शेवटी एकदम साद देतो, तसं चाललं होतं. फक्त गाव चाळीस हजारांचं.

'द ट्रूपर' सुरू झालं. डिकिन्सन लाल कोट घालून झेंडा फिरवत आला आणि आमच्या मागून एक लाट आली. खरोखरच घोडदळ अंगावर आल्यासारखी. मी दोन-चार माणसांपलीकडं फेकला गेलो. वळून बघतो तर मित्राची डावी बाजू उघडी. तिकडून कोणाचं तरी कोपर येत होतं. मला ते दिसत होतं, त्याला दिसणं शक्यच नव्हतं. मी ओरडलो, पण त्या आवाजात कोण ऐकणार? तो खाली गेला.

माझ्या डोळ्यांसमोर जाम नदी आली. तसाच गलका, तशीच धूळ, आणि तसाच तो खाली जाताना. त्याच्या आईला मी काय सांगणार होतो? डॉक्टरकडं नेतो म्हणून आणलं होतं त्याला.

पुढचं सगळं पाच-दहा सेकंदांत झालं असेल. तो पडला तिथं माणसं बाजूला झाली. चौघा-पाच जणांनी हात पसरून कडं केलं, पाठीनं मागची लाट अडवली. दोघांनी काखेत हात घालून त्याला उभं केलं. "एळु गुरु, एळु," असं कोणीतरी ओरडत होतं. तेव्हा मला कानडी येत नव्हतं. मला वाटलं, हे गुरुजी वगैरे म्हणतात की काय. पुढं मी या भागात नोकरीला आलो, दोन-तीन वर्षांत भाषा कानात बसली, आणि एक दिवस वर्गात पाय घसरून पडलेल्या मुलाला मित्र हेच म्हणताना ऐकलं. ऊठ रे दोस्ता, ऊठ. त्या दिवशी मी शिकवता शिकवता थांबलो होतो.

एका मुलानं मोबाइलच्या उजेडात खालून चष्मा शोधून काढला. एक काडी तुटली होती. चष्मा देताना उजेड मित्राच्या चेहऱ्यावर पडला आणि डोळ्याची ती रिकामी जागा त्यानं पाहिली. तो काहीच बोलला नाही. शर्टाला काच पुसली आणि चष्मा त्याच्या हातात ठेवला. तोवर आमचा खानापूरचा पाहुणा माणसांतून वाट काढत आला होता. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. "तुम्ही मागं राहा सर, डाव्या बाजूला मी थांबतो," म्हणाला आणि शेवटपर्यंत तिथून हलला नाही.

मी मित्राला म्हणालो, चल, बाहेर जाऊ. त्याचं कोपर सोललं होतं. तो म्हणाला, "हट्! आता तर कुठी सुरू झालं."

या लोकांचा एक अलिखित नियम आहे, तो मला नंतर कळला. मेटलच्या कार्यक्रमात समोरच्या भागात ढकलाढकली होते, अंगावर अंग आदळतं, पण कोणी पडला की सगळं थांबवून आधी त्याला उचलायचं. हा नियम कोणत्याही तिकिटावर छापलेला नसतो. जुने नव्यांना शिकवतात.

मग 'फियर ऑफ द डार्क' आलं. १९९२ चं गाणं, अंधाराची भीती वाटणाऱ्या माणसाचं. त्याची सुरुवातीची गिटारची धून लोक तोंडानं गातात. शब्द नाहीतच, नुसता ओ-ओ. चाळीस हजार माणसं एका सुरात. माझ्या शेजारी कोण कुठल्या भाषेचं हे त्या वेळी ओळखताच आलं नसतं. माझ्या मित्राला गाता येत नाही, तो गात होता. चष्मा त्यानं खिशात ठेवला होता, तो रात्रभर खिशातच राहिला.

पाडव्याच्या दिवशी

बाहेर पडलो तर कानात नुसती शिट्टी वाजत होती. घसे बसलेले. रिक्षा मिळायला तास लागला. रिक्षावाला रेडिओला कान लावून सुतकी चेहऱ्यानं बसला होता. त्या रात्री वेस्ट इंडीजमध्ये विश्वचषकाचा भारत-बांगलादेश सामना चालू होता आणि भारत १९१ धावांत आटोपला होता. सकाळी स्टेशनवर कळलं, आपण पाच गडी राखून हरलो. सगळा फलाट चिंतेत, आणि आम्ही दोघे मात्र सामना जिंकून आल्यासारखे.

ती खुशी बल्लारशापर्यंत टिकली. नागपूर जवळ आलं तसा मित्र गप्प झाला. मीही. "काहीतरी सांगू, डॉक्टर सुट्टीवर होते म्हणू," मी सुचवून पाहिलं. त्यानं मान हलवली.

घरी पोहोचलो तेव्हा दारात गुढी उभी होती. आई लगबगीनं बाहेर आली, त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला. "बसवला का रे डोया?"

"आई, मी दवाखान्यात गेलोच नाही," तो म्हणाला आणि सगळं सांगून टाकलं. गाणं, मैदान, गर्दी, पडणं, सगळं. ती ऐकत होती. माझ्याकडं एकदाच बघितलं. "तू तं शिकलेला होता बापा," एवढंच म्हणाली. आजवर कोणत्याही वरिष्ठानं मला केलेला उपदेश इतका लागला नाही.

बऱ्याच वेळानं तिनं त्याच्या कोपराला हळद लावायला घेतली. खाली मान घालूनच विचारलं, "पडला तं कोणं उचललं?"

"माहीत नाही. पोरं होती तिथली."

ती हळद लावत राहिली. मग म्हणाली, "तेव्हा बी असंच. तुले नदीतून खांद्यावर टाकून आणलं तो सावरगावचा होता. नाव बी सांगून नाही गेला."

ही गोष्ट अकरा वर्षांत आम्हाला माहीत नव्हती. ज्या काठावरून दगड येत होते, त्याच काठाचा माणूस नदी ओलांडून आला होता.

माझ्याशी मात्र ती अक्षय्यतृतीयेपर्यंत बोलली नाही. त्या पावसाळ्यात आम्ही तिघं नागपूरला गेलो आणि खरोखरच कृत्रिम डोळा बसवून आणला. त्यानं दिसत नाही, पण समोरचा माणूस नजर चुकवत नाही, एवढा फरक पडला.

मग त्या आईनं काय केलं?

माझ्या विद्यार्थ्याच्या आईनं इथवर ऐकून घेतलं. मी त्यांना म्हटलं, बाई, गर्दी वाईट की चांगली हे मला सांगता येत नाही. मी दोन्ही पाहिल्या आहेत. पण मुलगा जाणारच असेल तर काही गोष्टी ठरवून पाठवा. चांगली सोबत हवी, आणि बाहेर पडायच्या वाटा आत शिरतानाच बघून ठेवायच्या. चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते आधी ठरवायचं, कारण तिथं फोन लागेलच असं नाही. श्वास कोंडेल इतकी गर्दी दाटायला लागली तर गाणं कितीही आवडतं असलं तरी कडेला सरकायचं. कानात घालायला बोळे मिळतात, ते घालायला लाजायचं नाही. माझ्या कानातली शिट्टी तीन दिवस गेली नव्हती. आणि शेजारी कोणी पडला तर आधी त्याला उचलायचं.

सगळ्यात मुख्य म्हणजे, त्याला खोटं बोलून जावं लागू नये. तो पडला तर आपल्याला कळायला हवं, आणि ते सांगायला त्याला भीती वाटायला नको. आम्ही दोघं त्या रात्री चिरडलो असतो तर मित्राची आई बंगळूरच्या दवाखान्यांत डोळ्यांचा विभाग शोधत फिरली असती. ही कल्पना मला आजही झोपू देत नाही.

"मग त्या आईनं पुढं कधी पाठवलं का हो त्याला?" त्यांनी विचारलं.

पाठवलं. १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडन मुंबईत आले. डिकिन्सन स्वतः वैमानिक आहे. बँड, माणसं आणि सामान घेऊन स्वतः वैमानिकाच्या खुर्चीत बसून तो मुंबईला आला, असं पेपरात वाचून माझा मित्र वेडा झाला होता. या वेळी त्यानं आईला आधी सांगितलं. ती दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर ओसरीवर बसून ती संत्री निवडत होती. दोन पिशव्या भरल्या होत्या.

"एवढी कशाले?" मित्र म्हणाला. "आत नेऊ देत नाहीत, सांगितलं ना तुले."

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली. "रांगेतच वाटजा. मागच्या खेपेले कमी पडली असन."